तीन मिनिटं

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर
भूपाल मगदूम रोज रात्री साडेआठला उभा.
म्हैस समोर, धार समोर, पेला समोर.
आधी काढलेलं दूध कुणी पुढं केलं
तर म्हणतो, हे काढताना बघितलंय कुणी?
चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर गेली त्याची,
मायक्रोमीटर लावल्याशिवाय
देवाच्या समईचा दांडाही सरळ मानला नाही.

मी त्याच्या शेजारची.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, ट्रंक बोर्डावर.
गल्ली मला अजून ट्रंकबाई म्हणते.
पुढ्यात भोकांची फळी, हातात दोऱ्या,
सांगली द्या, बेळगाव द्या, मुंबई अर्जंट द्या.
माणूस दिसायचा नाही,
पण खोटं बोलण्याआधी तो श्वास कुठं घेतो ते कळायचं.
गुळाचा भाव लपवणारे अडते,
"आई बरी आहे" म्हणणारे थोरले भाऊ.
ऐकू नये असा नियम होता.
ऐकू यायचं.

मंगळवारी भूपाल कट्ट्यावर दिसला नाही.
घरी गेले तर दार नुसतं लोटलेलं.
खुर्चीत ताठ बसलेला, शर्टाचं गळ्याचं बटणही लावलेलं,
मांडीवर पासबुक,
आणि चटणीच्या बरणीला टेकवून उभा केलेला फोन.
फोनमध्ये खाकी वर्दी, मागं झेंडा.
तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय.
कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही.
कुणाला सांगायचं नाही.
तुम्ही डिजिटल अटकेत आहात.
दुपारी दोनपासून पाणी प्यायला नव्हता माणूस.
माझ्याकडं फक्त डोळे वळवले,
मान वळवायची परवानगी नव्हती.

मी वर्दी बघितली नाही. डोळे मिटले आणि ऐकलं.
त्या आवाजाच्या मागं अजून दहा आवाज,
दहाही जण तेच वाक्य म्हणत होते,
पार्सल, पार्सल, हलायचं नाही,
दिवाळीच्या आदल्या रात्री आमचा बोर्ड गजबजायचा तसे.
असलं पोलीस ठाणं नसतं, बाबा.
हे एक्स्चेंज आहे.

पुढं झाले, आणि एकतीस वर्षांपूर्वीचा आवाज
न बोलावता घशात आला:
"तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा आहे का?"
वर्दी गडबडली. "आप कौन?"
"ट्रंक," म्हटलं, आणि दोरी ओढायला हात नेला.
दोरी कुठली, एक लाल ठिपका.
तो दाबला.

घर एकदम मोठं झालं.
भूपाल उठला, गुडघे धरून परत बसला,
आणि पहिला प्रश्न काय, तर
"कट्टा मिटला असंल न्हवं?"
मग एकोणीसशे तीसला फोन लावला, बँकेला लावला.
पैसे गेले नव्हते. जायला पाचेक मिनिटं होती.

रात्री उशिरा म्हणाला,
"मला सगळं ठावं हाय गं.
ओटीपी द्यायचा न्हाई, लिंक दाबायची न्हाई,
मीच ग्रुपवर पाठीवतो की, वर गुलाबाचं फूल लावून.
पर भ्या वाटलं की
ठावं असल्यालं कुठं जातं कुणास ठाऊक."
मी काही बोलले नाही.
मला तरी कुठं माहीत होतं.
भाची म्हणते, आता आवाजसुद्धा हुबेहूब बनवतात,
उद्या माझ्याच गळ्यातून कुणी तुझ्याकडं पैसे मागेल.
म्हणजे माझा कानही आता पेन्शनीत.

तर आम्ही तिघांनी एक शब्द ठरवला.
रडत आला, दवाखान्यातून आला, पोटच्या पोराचा आला,
पैसे मागणारा आवाज असेल तर आधी शब्द विचारायचा.
नाही सांगता आला, फोन ठेवायचा,
आणि आपल्याजवळच्या जुन्या नंबरावर आपण लावायचा.
शब्द म्हणजे कट्ट्यावरच्या एका म्हशीचं नाव.
कुठल्या, ते इथं लिहीत नाही.

बुधवारी भूपालनं पेला रिकामा केला,
मिशीवरचा फेस मनगटानं पुसला,
म्हशीच्या पाठीवर थाप मारून
लाडानं हाक मारायला तोंड उघडलं
आणि माझ्याकडं बघून
मिटलं.