मागची बाजू

मंडई सरली, आता नाटकांचा हंगाम.
वडशाजवळच्या माझ्या छपरीत
तीन सिंहासनं, एक तुरुंग, अर्धं वडाचं झाड
प्लायवुडमध्ये उभं आहे, समोरून रंगवलेलं;
मागून खिळे, चिंध्या, पाव इंच फट.
दहा हात दूर बसलेल्या माणसाला
एवढं पुरतं.

त्यात एस्तेरबाई आल्या,
मिशनच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्स,
सायकलच्या कॅरिअरला
लुगड्यात गुंडाळलेली पेटी बांधून.
म्हणाल्या, झाकण धरून बसलं जी,
बिजागरी पाहा.
दागिन्यांची आहे, डॉक्टरीणबाईच्या आजीची,
राणीच्या काळातली, विलायतेची.
विकायची नाही. उघडली म्हणजे झालं.

पुसली. आधी फडक्यानं, मग नुसत्या हातानं.
अक्रोडाचा कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ पदर
साध्या लाकडावर चढवलेला,
एकाच ओंडक्याचे चार तुकडे
असे उलटसुलट लावलेले
की सगळ्या रेषा झाकणाच्या मधोमध येऊन
घुबडाचा चेहरा होतात.
कडेनं पितळेची पट्टी, तांदळाच्या दाण्याएवढी रुंद.
नख फिरवलं, कुठेच अडलं नाही.
मधे शिंपल्याचा चौकोन,
त्यावरचं नाव झिजून
एका अक्षराची शेपटी तेवढी उरलेली.

चकाकी मात्र ओळखीची निघाली.
लाखदाणा.
स्पिरिटात विरघळवून, कापसाच्या बोळ्यानं,
गोल गोल, शंभरदा.
कुसुमाच्या फांद्यांवरची लाख
इकडच्या रानांतून पोत्यांनी जायची,
आगगाडीनं, मग बोटीनं.
कुणी सांगावं, आपल्याच झाडाची असेल,
पाहुणी होऊन माहेरी आली असेल.

बिजागरी तासाभरात सुटली.
आत निळी मखमल, कोपरा उंदरानं चाखलेला.
अंगठ्यांच्या खाचांत इंजेक्शनच्या सुया,
त्या जुन्या, उकळून वापरायच्या,
जाडीप्रमाणे ओळीनं.
"सोनं कुठून आणू जी," एस्तेरबाई म्हणाल्या,
"माझ्याजवळ हेच होतं."

पण माप जुळेना.
बाहेरून उंची सहा बोटं, आतून साडेचार.
पट्टी बाजूला ठेवली, डोळे मिटले,
अंगठा मखमलीच्या काठाकाठानं नेला.
एका जागी लाकूड किंचित दबलं
आणि खालचा चोरकप्पा
उसासा टाकावा तसा पुढे आला.

रिकामा.
एस्तेरबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
मी कप्पा उलटा करून उजेडाला धरला.
पारव्याच्या शेपटीचे सांधे, एका बाजूला सात.
शिसपेन्सिलीच्या खुणा अजून ताज्या,
सगळ्या डावीकडे कललेल्या.
माझे बाबा डावरे होते.
त्यांच्या खुणा अशाच पडायच्या,
वाऱ्यात झुकलेल्या धानासारख्या.

पाचवी शेपटी चुकली होती.
रेघेच्या नको त्या अंगानं करवत घातली बेट्यानं,
मग केसाएवढी चिपटी तासून,
सरस लावून फट बुजवली;
तीही लाकडाच्या रेषेला रेषा जुळवून,
कप्प्याच्या पाठीमागे, अंधारात,
जिथे मालकिणीचीही नजर जाणार नव्हती.
मला हसू फुटलं. बराच वेळ थांबेना.

"काय सापडलं जी?"
"एक माणूस," मी म्हणालो.
त्यांना वाटलं, मजुरी वाढवून मागायची ही रीत असेल.
साठ रुपये घेतले. सुया तशाच ओळीनं परत लावल्या.

शुक्रवारी मंडळीचा टेम्पो यायचा होता.
रात्री मी सिंहासन पालथं घातलं,
पाठीचे खिळे उपटले, पटाशीला धार लावली.
रोशन बॅटरी धरून उभा, जांभया देत.
"मागून कोन पायते जी?"

कानावरची पेन्सिल काढली.
डाव्या हातात धरून पाहिली.
रेघ वाकडीच आली.