तिसरी तबकडी

कस्टमवाल्यांचा क्लब मोडला तेव्हा
कॅरम, दोन वेताच्या खुर्च्या आणि हे खोकं
एकाच बोलीत माझ्या गळ्यात आलं.
खुर्च्या मी परत विकल्या.

जांभळ्या कापडात मढवलेलं,
कोपरे वाळवीने चाखून सोडलेले.
आत चार तबकड्यांची जागा. आठ बाजू, आठ प्रहर.
कुणीतरी अख्खा दिवस गाऊन
पुठ्ठ्यात भरून ठेवला होता.

तबकड्या मात्र तीनच.
तिसरी नाही. म्हणजे यमन नाही, बिहाग नाही.
मुलतानी संपला की सुई थेट मध्यरात्रीत उतरते
मालकंसाच्या खर्जात,
आणि मधले सहा तास
नुसतं पाकीट, त्यात झुरळाचं वाळकं अंडं.

वेंगुर्ल्यात असल्या वस्तू जगत नाहीत.
खारी हवा पितळ खाते, बुरशी कागद खाते.
मी कारखान्यातून येतो, काजूच्या चिकाचे हात
तीनदा साबणाने, एकदा राखेने धुतो,
बॅटरीवाल्या पेद्रूकडचं पाणी
मलमलीच्या तुकड्यावर घेऊन
खाचांतून फिरवतो, गोल, गोल,
बाळाची टाळू पुसावी तसं.
कालिंदी दारातून म्हणते,
एकदा तवाही असाच घासा.

अकरा वर्षं पत्रं लिहिली.
बेळगाव, मडगाव,
सांगलीचे एक निवृत्त पोस्टमास्तर,
त्यांच्याकडे पहिली दोनदा होती, दुसरी नव्हतीच.
लिहायचे: आपली संध्याकाळ अद्याप हाती लागली नाही,
माझी सकाळ सुखरूप आहे.
मग त्यांची पत्रं थांबली.
खोकं कुणाला दिलं
हे मुलाला विचारायचं माझ्याने झालं नाही.

आणि गेल्या शिमग्यात, शिरोड्याला,
आरोंदेकरांच्या खाणावळीत,
बांगड्याचं तिखलं पुढ्यात, वर मान केली तर
भिंतीवर घड्याळ.
काळं. गोल. मधोमध जांभळं लेबल. बाजू पाच.
खाचांवर डकवलेले सोनेरी आकडे,
यमनावर सहा, यमनावर नऊ,
आणि बिहाग
भिंतीकडे तोंड करून.

भात निवला.

"ता? चेडवान केल्यान, शाळेत आसताना.
आता ता मस्कताक आसता.
सात वर्सा झाली, एक मिनिट मागे पडाक नाय."
मी किंमत बोललो. मग दुप्पट.
मग नवंकोरं घड्याळ देतो म्हणालो, गजराचं.
आरोंदेकरांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.
"मगे माका येळ कोण सांगतलो?"

गुरुवारी कारखाना बंद असतो.
पाचच्या एसटीने शिरोडा,
घड्याळासमोरचं टेबल.
घरी माझं मशीन
मिनिटाला तेहतीस फेरे घेतं, वर थोडं.
इथला मोठा काटा तासाला एक.
सहावर येतो, खाचा ओलांडतो,
काही वाजत नाही,
बाहेर नारळ सोलणारा कोयत्याला धार लावतो,
मासे विकून आलेल्या बायका चहा मागतात
आणि हिशेबावरून भांडतात.

सोलकढी आणू? आरोंदेकर विचारतात.
थांबा, मी म्हणतो, अजून आलाप चाललाय.
ते मान हलवतात.
त्यांना वाटतं, हा मनुष्य बांगड्याबद्दल बोलतोय.

घरी आलो की बिल
तिसऱ्या पाकिटात घालतो.
चौदा झाली.
खोक्याचं झाकण आता
नीट बसत नाही.