साडेपाच मिलिमीटर

गुदैबियातल्या या खोलीत
एसीखाली, इस्त्रीच्या टेबलाला खेटून
आठ फूट बाय अडीचची एक फळी आहे,
फळीवर माझं स्टेशन:
एक फलाट, एक पाण्याची टाकी,
काडेपेटीएवढी केबिन. नाव अजून दिलेलं नाही.

या बेटावर रेल्वे नाही.
चूक काढायला कुणी येणार नाही
हे सुख, आणि अडचणही तीच.

हिशेब असा:
फुटाला चार मिलिमीटर.
आपली ब्रॉडगेज, एक हजार सहाशे शहात्तर,
या मापात उतरते बावीसवर.
दुकानात मिळतात ते रूळ साडेसोळाचे.
डब्याची रुंदी खरी, उंची खरी,
दारावरची कडीसुद्धा खरी,
आणि खाली चाकं अशी जवळजवळ,
जसा एखादा धिप्पाड माणूस
पोराच्या चपला घालून फलाटावर उभा.

साडेसोळा धावते मात्र.
चाकाची कड जाड, सांध्यात ऐसपैस फट;
धूळ असो, ऑगस्टची ओल असो,
थॉमसकुट्टीच्या जुळ्या पोरांचे हात असोत,
गोल गोल धावते, तक्रार नाही.
बावीस म्हणजे सगळं हातानं.
एकेक स्लीपर कापायचा, रूळ झाळायचा,
चाकाची कड कागदासारखी,
केसाएवढा चढउतार, की गाडी खाली.

डेरेक पक्का बारीक मापवाला.
सित्र्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन डर्बीला परतला
तेव्हा पितळी गेज माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला,
"एकदा दिसलं की दिसतच राहतं."
हेमांगी रात्रपाळी करून येते,
चहाचा कप फलाटावरच ठेवते:
"दीड हातावरून मला तरी सारखंच दिसतं."
ती अंधूक उजेडात शीर शोधते बाळांची.
तिची नजर कच्ची नाही.

मी दिवसभर लॅबमध्ये दाबमापकं तपासतो,
प्रत्येकावर चिठ्ठी डकवतो: चूक इतकी, चालेल.
'चालेल' हा माझ्या पोटापाण्याचा शब्द.

मग एका शुक्रवारी अण्णांना फोनवर दाखवली.
अण्णा कीमन होते, एकतीस वर्षं.
खांद्यावर हातोडा, हातात गेजची पट्टी,
रोज बारा किलोमीटर, खडीवरून.
आता एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं,
चित्र अडकत होतं, विरघळत होतं,
इंजिनाकडे त्यांनी बघितलंच नाही.
दोन सेकंद. म्हणाले,
"गेज आवळलंय रे. गाडी सोडू नको."

मी हसलो. खेळणं आहे, अण्णा.
"असू दे की. आधी लाल झेंडी लाव."
मग बऱ्याच वेळानं, फोन चालू आहे हे विसरल्यासारखे:
"आणि वळणावर जरा ढील दे.
अगदी मापात धरली, तर वळत नाही ती."

साडेसोळाचे रूळ उखडले, जुळ्यांना देऊन टाकले.
बावीसचा रूळ रोज चार बोटं पुढे सरकतो,
कधी दोन बोटं मागे.
वीज गेली त्या रात्री एक लांबी धनुष्यासारखी वाकली;
फट ठेवायला विसरलो होतो, मी,
कीमनचा मुलगा.

हाजी मक्की भाडं न्यायला येतात,
खुर्ची ओढून बसतात. गाडी का थांबली?
मी झेंडीकडे बोट दाखवतो:
आगकाडीची काठी, हेमांगीच्या जुन्या ओढणीचा कपटा.
ते मान हलवतात, दिनार मोजतात,
आणि जाताना
फळीला धक्का लागू नये म्हणून
अंग चोरून, कडेकडेनं, दारापर्यंत जातात.