मादब्यातली शुक्रवारची परीक्षा

प्रश्न मीच काढते, गेली एकवीस वर्षं.
जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर
निळ्या शाईत प्रश्न, तांबड्या शाईत उत्तर.
चर्चमागची खोली. एक ट्यूब नीट, एक फडफडणारी.
टेबलावर घंटा, बंद पडलेल्या कुठल्याशा हॉटेलातली,
तळवा मारला की टिंग.

रूला, बेकरीवाल्यांची, दातांना तार.
तिला सगळं पाढ्यांसारखं येतं.
गल्याथची उंची?
टिंग. सहा हात आणि एक वीत.
योनाथानाचा पांगळा मुलगा?
टिंग. मफीबोशेथ.
(एवढं लांबलचक नाव, तारेत न अडकता.)
दबोरेचा नवरा?
टिंग. लप्पीदोथ. बिचाऱ्याबद्दल पुढे काहीच नाही, मिस.

रूथ कुठली, म्हटल्यावर मात्र
घंटेची वाट न बघता सगळी खोली ओरडली,
इथलीच!
मवाबाची म्हणजे आपलीच की,
करकच्या रस्त्यावरची, कुणाची तरी आत्या लागत असेल.
दोन्ही गटांना गुण दिले. काय करणार?

शेवटच्या बाकावर घस्सान.
त्याची पाळी आली की उभा राहतो,
शर्ट खाली ओढतो,
माहीत नाही, म्हणतो, आणि बसतो.
एफा म्हणजे किती? माहीत नाही.
बेथफगे कुठल्या डोंगरापाशी? माहीत नाही.
सेला? माहीत नाही.
(तेवढ्यापुरतं बरोबर होतं खरं तर,
पण माझ्या तांबड्या शाईत होतं, "थांबा".)

मग ती पत्रिका निघाली, माझ्या भाचीच्या लग्नाची.
मोशेची कबर कुठे आहे?
रूलाचा हात हवेत. नबो? पिसगा? बेथपौर?
ओठ हलताहेत, तळवा खाली येत नाही.
टिंग.

घस्सान. एवढं अंतर तो कधी चालून आला
कुणी पाहिलं नाही.
माहीत नाही, म्हणाला. मग, घसा साफ करून,
कुणालाच.

मी पत्रिका उलटली, सगळ्यांना दाखवली.
रूला रडकुंडीला. हे उत्तर नाही, मिस नुहाद,
हे तर न येणं आहे!

त्याचा बाप मिनीबस चालवतो,
परदेशी माणसांना नबोवर नेतो आणता.
रोज कुणीतरी विचारत असणार.
रोज तो काचेतून हात फिरवत असणार,
इथून तिथपर्यंत, सगळ्या उतारावर.

माझे आजोबा नदीपलीकडे पुरलेत.
कुठे, ते आईला सांगता आलं नाही,
आणि मी तिला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही.

दहा गुण लिहिले. खडू मोडला.
बक्षीस रूलालाच गेलं, अठ्ठ्याऐंशी गुणांनी,
कंपासपेटी, झाकणावर मासा.
बाहेर मिनीबसचा हॉर्न वाजला
तसा घस्सान पळाला,
आणि दारातून परत आला
घंटेवर आणखी एकदा मारायला.