कारंज्याचा हिशेब

जयेंद्रगंजात कुशवाहच्या काउंटरवर दोन खोकी.
एकात तीन पंख्यांचा रेडिएटर, रबरी नळ्या,
आत कायमचं कोंडलेलं पाणी.
दुसऱ्यात वीतभर उंचीचा ठोकळा,
पातळ पत्र्यांची चवड, मधून सहा तांब्याच्या नळ्या.
"दीदी, पानीवाला लीजिए. शान है. लाइट भी जलती है."
किंमत दुप्पट. आणि गळालं तर?
तो छताकडे बघतो.
"नहीं होता लीक," म्हणतो. "आमतौर पे."

त्या आमतौरपाशी मी दोन दिवस अडले.

मे महिना. लष्करात दुपारी पंचेचाळीस.
झाशीच्या एका मॅरेज गार्डनचा रेंडर पडून आहे,
मंडप होतो, लॉन होतं, झुंबरंसुद्धा होतात,
मशीन मरतं ते कारंज्यापाशी.
थेंब किती, कुठला कुठे वाकणार, कुणावर किती उजेड,
एवढं मोजता मोजता प्रोसेसर पंच्याण्णववर जातो
आणि पडदा काळा.
आमच्या नळाला मंगळवारपासून पाणी नाही.

कुशवाहने एक सांगितलं नव्हतं:
काहीही घ्या,
खोलीपेक्षा गार दोघांनाही करता येत नाही.
खोली अडतीस, तर अडतीसच्या खाली कुणाचीच धाव नाही.
खोलीचं बघतो तो खिडकीतला कूलर.
दिवसाला चार बादल्या पितो,
वाळ्याचा वास देतो, उशी दमट करतो.

बाबा त्याच्यासमोरच निजतात.
बिर्लानगरच्या गिरणीत ते हवेला पाणी पाजायचे.
नोकरीच ती. सूत तुटू नये म्हणून
खात्यात ओल सोडायची, काट्यावर नजर ठेवायची.
गिरणी नंतर गेली,
कान आधी.

मी मोबाइलवर दोन्हींची चित्रं धरली,
ओरडून विचारलं, पाणी की हवा?
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला,
तांब्याच्या नळीवर नख टेकवलं.
"ही भरीव नसणार. आत चमचाभर पाणी असेल.
तापतं, पळतं, निवतं, परत येतं."
मग दुसऱ्या चित्रातले पंखे मोजले. तीन.
"आणि ह्यालाही शेवटी वाराच लागतोय.
मग तू विचारतेस काय?"

मी विचारत होते आवाजाचं.
एकच खोली, रात्रभर घरघर, माझ्या उशाशी.
ह्यांना काय, ह्यांना ऐकूच येत नाही,
असं मनात आलं
आणि मी मोबाइल पालथा ठेवला.

ठोकळा आणला. उरलेल्या पैशांत
कूलरला नवी मोटर, धुळीसाठी एक ब्लोअर.
पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका,
स्क्रू आडवे-तिरपे, थोडे थोडे करत.
बाबांनी टॉर्च धरला,
प्रत्येक वेळी दुसऱ्याच स्क्रूवर.

बारानंतर तो घुमू लागतो,
दोन गल्ल्या पलीकडच्या पिठाच्या चक्कीसारखा.
ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी.
झोपेतून उठून बाबा कॅबिनेटवर तळवा ठेवतात,
ताप बघतात तसा.
"चालू आहे," म्हणतात,
आणि कूस बदलतात.

चार वीसला कारंजं उडालं.
दोनशे चाळीस फ्रेम, एकही थेंब अडला नाही.
मी ते दोनदा पाहिलं.
पाच दहाला न्हाणीघरात नळ खाकरला,
आधी नुसती हवा.
ड्रमचं झाकण हातात धरून
मी उभी राहिले.