पंक्चर

आईला लिहिता येत नाही, म्हणून वही माझ्याकडे.
ती सांगते, मी लिहिते.
तांदूळ. गॅस. बाबांच्या पायाची पट्टी, साखरेच्या गोळ्या.
गुरुवारचा हप्ता, अकराशे चाळीस.
आणि होळीपासून एक नवी ओळ:
पंक्चर, वीस रुपये.
पंक्चर, वीस रुपये.
कधी आठवड्यात चारदा.

आमच्याकडे सायकल नाही.

विकली ती, बाबांचं बोट कापलं तेव्हाच.
खेमराज तेव्हापासून पारडीहून कळमन्याला पायी जातो,
मिरचीच्या यार्डात.
पोतं खांद्यावर घेतलं की लाल भुकटी
घामासोबत मानेवरून पाठीत उतरते.
रात्री पालथा, उघडा झोपायचा,
ओला फडका टेकवला तरी ओरडायचा.

हल्ली ओरडत नाही.
हल्ली त्याच्या रुमालाला
सायकलच्या दुकानाचा वास येतो.
"सगळेच घेतात यार्डात," म्हणाला,
"मंग पोतं दुसऱ्याच कोनाच्या खांद्यावर असते, ताई."
आणि हसला. एकोणीस वर्षांचा आहे.
परवा पाणी मागताना
त्याला माझं नाव सापडेना.

सोडलं होतं त्यानं. स्वतःहून, होळीच्या तोंडावर.
तीन दिवस भिंतीकडे तोंड करून थरथरत पडला,
गोधडी दातांत धरून.
तीन दिवसांची हमाली गेली.
गुरुवारी गटाच्या बाया आल्या.
शिव्या नाहीत, काही नाही, नुसत्या ओट्यावर बसून राहिल्या
दिवेलागणीपर्यंत;
एकीचा हप्ता चुकला की बाकी नऊ जणींनी भरायचा.
लीलामावशी मान खाली घालून
आमचेच तांदूळ निवडत होती.

त्या गेल्यावर आई चपला घालून चौकात गेली.
परत आली तेव्हा पदराची गाठ सुटलेली.
त्याच्या उशाशी तिनं ठेवली
करंगळीएवढी पिवळी ट्यूब,
जशी लहानपणी तापात गोळी ठेवायची, पाण्याच्या गिलासाजवळ.
"जाशीन नं रे बाबू उद्या?"

तो गेला.

आज वही उघडली. तांदूळ, म्हणाली. गॅस. पट्टी.
मग थांबली.
बाहेर कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजली,
आम्ही दोघींनीही वर पाहिलं नाही.
पेन कागदावर टेकलेलं, शाईचा ठिपका मोठा होत चाललेला.

"लिही नं," आई म्हणाली.
"तुले मालूम हाय."