फुल्या

रविवार. सोलापूरचं ऊन साडेआठलाच चढलेलं.
एकाआड एक जागेवर खडूने फुल्या मारल्यात,
मीच, काल रात्री, बॅटरीच्या उजेडात.
फुली म्हणजे इथे बसू नये.

तिसऱ्या बाकावर शमुवेलतात्यांचा टॉवेल,
गिरणीतला, काठ विरलेला, घडी तशीच.
दीड वर्षाची धूळ झटकली
आणि परत ठेवला.
तिथे फुली मारावी लागली नाही.

पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलाय.
पाळकबाई म्हणाल्या, नुसत्या गळ्याने गाऊ.
मास्कातून गाणं म्हणजे
गोधडीतून हाक मारणं.
मोबाईलवर सगळे म्यूट असायचो,
आपापल्या स्वयंपाकघरात
प्रत्येक जण अगदी सुरात.
इथे पहिलं कडवं एका पट्टीत सापडेना.

दुसऱ्या कडव्यात एका ओळीला
तात्या नेहमी शब्द चुकायचे.
मार्थाबाई तिथे थांबल्या.
मग आम्हीही, त्या चुकीपुरते.

आशीर्वादानंतर एलिशाची पोरगी,
टाळेबंदीत जन्मलेली,
नेमकी फुलीवर बसून बिस्किट खात होती.
उठली तेव्हा फ्रॉकवर मागे
पांढरी, जराशी पुसट फुली.
तिची आई झटकायला वाकली.
राहू दे, म्हटलं.